घर बांधताना गृहिणीचे काम
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाचे भाषण म्हटले की मुलांचे संगोपन, आरोग्य, नाहीतर एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र असा विषय ठरलेला असतो. यंदा चालकांनी मला 'घर बांधणे' हा विषय दिला, तेव्हा दोघीचौघी हसल्या. "ते तर पुरुषांचे आणि गवंड्याचे काम. आपले काम वास्तुशांतीच्या स्वयंपाकापासून सुरू होते," असे एकीने बोलूनही दाखविले. ते बोलणे खोटे नाही, आणि म्हणूनच त्यावर बोलले पाहिजे.

घरात सर्वांत अधिक वेळ कोण असते, याचा हिशेब प्रत्येकीने मनाशी करावा. पुरुष शेतावर, दुकानात, कचेरीत जातात. मुले शाळेत जातात. घराचा उकाडा, धूर, ओल आणि पाण्याची ने-आण हे सारे आपल्या वाट्याला येते. तरी घर बांधताना आपल्याला विचारतात ते फरशीचा रंग कोणता हवा आणि देवघर कोठे, एवढेच. तोपर्यंत पाया बुजलेला असतो, भिंती उठलेल्या असतात आणि कागदावर सह्याही झालेल्या असतात. मला आज एकच गोष्ट सांगावयाची आहे : घरातल्या बाईने पायाच्या खड्ड्यापाशी आणि कागदापाशी हजर राहिले पाहिजे. रंग पुढच्या दिवाळीला बदलता येतो. पाया आणि कागद मागाहून बदलत नाहीत.

प्रथम जमिनीची ओळख करून घेऊ. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा आणि कारंजा हा आपला सारा मुलूख काळ्या पाषाणाचा. कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हा रसाचे थर थंड होऊन हा दगड झाला आणि त्याचीच झीज होऊन आपली काळी माती झाली. ती कापसाला, तुरीला, सोयाबीनला जितकी मायाळू, तितकीच घराला अवघड. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाने आक्रसते. वैशाखात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात व आषाढात त्या मिटतात, हे आपण दरसाल पाहतो. तोच खेळ घराखालीही चालतो. घराच्या कडेची माती भिजते, मधली कोरडी राहते. एक बाजू उचलली जाते, दुसरी जागीच राहते, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. पुष्कळजण तिला वास्तुदोष म्हणतात. बहुधा ती पाण्याची भेग असते.

यावर उपाय आहेत व ते आपल्याकडचे जुने गवंडीही जाणत. पाया काळ्या मातीत थांबवू नये. मुरूम लागेपर्यंत न्यावा. किती खोल हे घरबसल्या सांगता येत नाही. शेजारच्या विहिरीला मुरूम कोठे लागला, शेजारणीच्या घराचा पाया किती हात गेला, हे विचारावे. ही चौकशी बायकांइतकी चांगली कोणाला जमणार? पाया भरताना खणलेली काळी माती परत आत लोटू नये. ती परसात टाकावी आणि भरावाला मुरूम आणावा, तो थराथराने पाणी मारून धुमसावा. जोत्याच्या पातळीला सळ्यांचा काँक्रीटचा पट्टा चारी बाजूंनी, मधल्या भिंतींखालूनही, फिरवून घ्यावा. म्हणजे जमीन थोडी हलली तरी घर एका अंगाने हलते, फाटत नाही.

जेथे काळी माती फारच खोल आहे, तेथे रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने फार वर्षांपूर्वी एक तोड काढून ठेवली आहे. जमिनीत साधारण साडेतीन मीटर खोल भोके घेऊन तळाशी ती रुंद करतात. आत सळ्या सोडून काँक्रीट भरले की तळाशी कांद्यासारखा फुगीर असा खांब तयार होतो. तो फुगवटा खांबाच्या जाडीच्या अडीच पट असतो. वरची माती कितीही फुगो वा आक्रसो, घर खालच्या स्थिर थराला धरून राहते. हे काम इंजिनियरच्या सल्ल्यानेच करावे. पण असा मार्ग आहे, हे आपल्याला ठाऊक असले म्हणजे विचारता तरी येते.

जोते रस्त्यापेक्षा निदान दीड फूट उंच ठेवावे. रस्ता दर डांबरीकरणाला वर येतो आणि घर तेथेच राहते, हे विसरू नये. घराभोवती दोन-तीन फुटांचा फरशीचा पट्टा बाहेर उतार देऊन करावा. न्हाणीचे पाणी भिंतीच्या पायथ्याशी कधी सोडू नये, आणि मोठे वाढणारे झाड घराला चिकटून लावू नये. त्याची मुळे एका बाजूची ओल शोषून घेतात.

आता नकाशाकडे वळू. कागदावरचा नकाशा पाहून पुष्कळ जणींना काही उमगत नाही, आणि त्यात कमीपणा नाही. त्याला सोपी युक्ती आहे. मोकळ्या जागेवर फक्कीने खऱ्या मापाचे घर आखावे. भिंतीची जाडीसुद्धा आखावी. मग आत खाट टाकावी, धान्याची कोठी ठेवावी, पाटा ठेवावा आणि दिवसभराची कामे पायाने चालून पाहावीत : सकाळी पाणी कोठून भरणार, भांडी कोठे घासणार, कपडे कोठे वाळणार, रात्री म्हातारी सासू संडासाला कोणत्या वाटेने जाणार. जेथे अडखळाल तेथे फक्की पुसून दुसरी रेघ ओढावी. फक्कीची रेघ पुसायला पैसे पडत नाहीत. भिंत पाडायला पडतात.

स्वयंपाकघराला समोरासमोर किंवा लगतच्या दोन भिंतींत वाट असावी, म्हणजे वारा एकीकडून आत येतो व दुसरीकडून धूर घेऊन बाहेर जातो. ओट्याची उंची गवंड्याच्या सवयीने ठरू देऊ नये. बाईने ताठ उभे राहून कोपर वाकवावे आणि कोपराच्या साधारण चार इंच खाली ओट्याची फरशी यावी. कोणाला तीस इंच पुरेल, कोणाला चौतीस लागेल. दोन वेळचा स्वयंपाक करून कंबर धरते, त्यात कामाइतकाच या चार इंचांचाही दोष असतो.

आपल्याकडचे ऊन सर्वांना माहीत आहे. दुपारनंतरचे ऊन पश्चिमेच्या भिंतीवर येते, म्हणून त्या अंगाला जिना, कोठीची खोली, न्हाणी असे काही ठेवावे. निजण्याची खोली तिकडे नको. स्लॅबचे छत असेल तर उन्हाळ्यापूर्वी वर पांढऱ्या चुन्याचा हात मारावा. छपरी मात्र सोडू नका. हल्ली एक खोली वाढवावी म्हणून ती आधी कापतात. पण निवडणे-टिपणे, आलेगेले, बाळंतिणीचे ऊन, मुलांचा अभ्यास हे सारे छपरीतच होते.

संडास दोन खड्ड्यांचा करावा. एक भरला की बंद करून दुसरा वापरावा. दीड-दोन वर्षांत पहिल्यात निरुपद्रवी खत तयार होते आणि कोणाही माणसाला मैला उपसावा लागत नाही. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी याच विचाराने 'गोपुरी' पद्धतीचा संडास लोकांपुढे ठेवला होता. खड्डे विहिरीपासून व बोअरपासून जितके दूर नेता येतील तितके न्यावेत.

छतावरच्या पावसाचाही हिशेब करा. ५० चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की ५० लिटर पाणी होते. वर्षाचा पाऊस ८०० मिलिमीटर धरला तर ४० हजार लिटर. वाया जाणारे सोडून तीस हजार तरी हाती लागेल. ते टाकीत किंवा विहिरीत सोडण्याची नळी बांधकामातच बसवून घेतली तर खर्च थोडा येतो.

घराच्या पैशाचा हिशेब बाईच्या हाती असेल तर तो चार भागांत मांडावा : जोत्यापर्यंत, दाराच्या तुळईपर्यंत, छतापर्यंत आणि त्यानंतरचे गिलावा, फरशी, दारे, वीज, नळ. पुष्कळ घरे तिसऱ्या भागाला अडतात. वर सळया उभ्या, आत माती, आणि त्यातच संसार, अशी घरे आपल्या प्रत्येक गावात आहेत. त्यापेक्षा दोन खोल्या पुऱ्या कराव्यात व पुढे वाढविण्याची सोय पायात ठेवावी. एकूण अंदाजाचा दहावा भाग तरी बाजूला ठेवावा, तो लागतोच. गवंड्याशी ठराव तोंडी नको. काम चौरस फुटावर की रोजावर, फुटाचे माप आतून की बाहेरून, सेंटरिंगचे सामान कोणाचे, हे चार ओळींत लिहून दोघांनी सही करावी. त्यात अविश्वास नाही. पुढचे भांडण त्याने टळते.

प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण भागात २०१६ साली सुरू झाली. तिच्यात घर निदान २५ चौरस मीटरचे हवे, स्वयंपाकाची जागा त्यात धरलेली आहे, आणि सपाट प्रदेशासाठी केंद्राच्या योजनेत १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य ठरलेले आहे. हे पैसे कामाच्या टप्प्याप्रमाणे येतात. म्हणून कोणता टप्पा झाला म्हणजे कोणता हप्ता, हे घरातल्या बाईला तोंडपाठ असावे.

सामानाविषयी एक गैरसमज आहे, तो असा की मातीचे घर म्हणजे कच्चे आणि सिमेंटचे म्हणजे पक्के. आपल्याच विदर्भात, वर्ध्याजवळ सेवाग्रामला बापू कुटी आहे. ती मुळात मीराबेन यांनी स्वतःसाठी बांधविली होती; गांधीजी पुढे तीत राहावयास गेले म्हणून ती बापू कुटी झाली. मातीच्या भिंती, बांबू आणि कवेलू, एवढाच तिचा सरंजाम. वर्षानुवर्षे नीट निगा राखल्यामुळे ती आजही उभी आहे. भिंतीला पावसापासून छपराचे पांघरूण आणि छप्पर हलके, ही तिची दोन मर्मे.

याच्या उलट काय घडते ते महाराष्ट्राने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे पाहिले. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक निजले होते, आणि पहाटे चारच्या सुमारास लातूर जिल्ह्यातील किल्लारी व उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर या भागात भूकंप झाला. सुमारे ८ हजार माणसे गेली. त्यांना जमिनीने मारले नाही, घरांनी मारले. दोन-दोन हात जाडीच्या दगडी भिंती नुसत्या मातीत रचलेल्या, आतला थर आणि बाहेरचा थर एकमेकांत गुंतविलेले नाहीत, आणि वर दरवर्षी माती टाकून जड झालेले धाबे. धक्का बसताच भिंतीचे दोन थर अलग झाले आणि छपराचा सारा भार निजलेल्या माणसांवर आला.

पुढे जे झाले त्याचा आपल्या मंडळाशी निकट संबंध आहे, म्हणून सांगते. जी गावे पार उद्ध्वस्त झाली ती नव्या जागी बांधली गेली. पण हजाराहून अधिक गावांत लोकांनी आपली घरे स्वतःच दुरुस्त व मजबूत करावयाची होती. पैसा शासनाच्या योजनेतून, इंजिनियर शासनाचे, काम घरमालकाचे. त्यात लोकांना समजावून सांगणार कोण? तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या साहाय्याने गावोगावच्या महिला मंडळांतून 'संवाद सहायक' नेमण्यात आल्या. भगिनींनो, हळदीकुंकू आणि भजन करणारी आपल्यासारखीच ती मंडळे होती. त्यातल्या बायका भिंतीत आरपार दगड कसा घालतात, जोत्याला, तुळईला आणि छताखाली पट्टा का फिरवितात, हे शिकल्या. दारोदार जाऊन कोणाला किती मदत मिळते ते सांगू लागल्या, चाललेल्या कामावर नजर ठेवू लागल्या, अडचण असेल तर इंजिनियरला विचारू लागल्या. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा त्यांच्यापैकी काही जणी गुजरातेत गेल्या आणि तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगून आल्या. घरच्या उंबऱ्याबाहेर फारशा न पडलेल्या बायकांनी हे केले.

कोणी म्हणेल, लातूर दूर आहे. पण आपला शेजारी हिंगोली जिल्हा दूर नाही. २०२४ साली मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये तेथे ४.५ तीव्रतेचे धक्के बसले आणि भांडी आपल्याकडेही हलली. भिऊन जाण्याचे कारण नाही. पट्टा आणि नीट सांधलेली भिंत मागून घेण्याचे मात्र कारण आहे; काळ्या मातीलाही तोच पट्टा उपयोगी पडतो.

आता कामावर उभे राहून काय पाहावे ते थोडक्यात सांगते. त्याला शिक्षण लागत नाही, डोळे आणि कान लागतात. दोन विटा एकमेकींवर आपटाव्यात. पक्क्या विटेचा खणखणीत आवाज येतो. छातीएवढ्या उंचीवरून जमिनीवर सोडली तर ती फुटू नये. लावण्यापूर्वी विटा पाण्यात भिजवाव्यात, नाहीतर त्या चुन्या-सिमेंटचे पाणी पिऊन घेतात. मूठभर वाळू काचेच्या बरणीत पाण्यासह हलवून ठेवावी. वर गाळाचा जाड थर बसला तर ती वाळू परत पाठवावी. सिमेंटच्या पोत्यावर कोणत्या आठवड्यात भरले ते छापलेले असते. तीन महिन्यांपेक्षा जुने घेऊ नये. ५० किलोच्या पोत्याला साधारण २५ ते २७ लिटर पाणी पुरते. कालवायला सोपे जावे म्हणून बादल्या ओतल्या की काँक्रीट कमजोर होते.

भिंतींचा काटकोन पाहावयाचा तर दोरी घ्यावी. कोपऱ्यापासून एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट मोजून खूण करावी. त्या दोन खुणांमधले अंतर बरोबर ५ फूट आले तर कोपरा गुण्यात आहे. गवंड्याला राग न येऊ देता, "दादा, जरा माप दाखवता का?" असे म्हटले म्हणजे झाले. चांगला कारागीर आनंदाने दाखवितो.

सर्वांत महत्त्वाचे पाणी. काँक्रीट वाळून पक्के होते असा समज आहे. ते भिजून पक्के होते. निदान सात दिवस, राख मिसळलेल्या सिमेंटला दहा, आणि आपल्या उन्हात चौदा दिवस ते ओले राहिले पाहिजे. स्लॅबवर वाफे करून पाणी कोंडावे, खांबांना ओली पोती गुंडाळावी. म्हणूनच भर उन्हाळ्यात, टँकरच्या दिवसांत स्लॅबचे काम काढू नये. दिवाळीनंतर थंडीत काढावे.

घर बांधणारी आणखी एक बाई असते, तिची आठवण करून देते. डोक्यावर घमेले घेऊन शिडी चढते ती. तिच्या पोरासाठी सावलीत झोळी बांधावयास जागा, प्यावयास माठ, आडोशाला जाण्याची सोय आणि पुरुषाइतक्याच कामाला पुरुषाइतकीच मजुरी, एवढे आपण पाहावे. वर्षात ९० दिवस बांधकाम केलेल्या मजुराला कामगार कल्याण मंडळाकडे नोंदणी करता येते; त्यासाठी दाखला लागतो. तो द्यावयास आपल्या घरच्यांना सांगावे.

शेवटी कागद. आपल्याकडे घराला 'लक्ष्मीचे' म्हणतात आणि उताऱ्यावर लक्ष्मीचे नाव नसते. नवरा गेल्यावर किंवा घरात तंटा झाल्यावर बाईला कळते की ज्या घराला तिने पाणी मारले, ते कागदावर तिचे नाही. महाराष्ट्र शासनाने २००३ साली ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घर पती-पत्नी दोघांच्या नावे लावण्याचे धोरण काढले. आवास योजनेचे घरही बाईच्या किंवा दोघांच्या नावे देण्यावर भर आहे. २०२१ पासून बाईच्या नावे राहते घर विकत घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. आणि २००५ च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबातील मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क मिळाला. हे सारे असूनही नाव आपोआप लागत नाही. अर्ज करावा लागतो. तेव्हा जागा घेताना सातबारा किंवा मिळकत पत्रिका, गावठाणात असल्यास नमुना ८, हे कागद स्वतः डोळ्यांखालून घाला आणि आपले नाव कोठे आहे ते बोट ठेवून विचारा. विचारण्याने नवऱ्याचा मान कमी होत नाही. दोन नावांनी घर दोघांचे राहते.

जाता जाता मंडळाला एक विनंती. पुढच्या वर्षाच्या कार्यक्रमात एक छोटी पेटी ठेवावी : तीस फुटी टेप, दोरी, ओळंबा, पाणपातळीची नळी, काचेची बरणी आणि एक वही. ज्या भगिनीचे घर निघेल तिला ही पेटी द्यावी, आणि पाया खणण्याच्या दिवशी मंडळातल्या दोघींनी तिच्याबरोबर उभे राहावे. कोणाच्या पायाला मुरूम किती हातांवर लागला, खर्च किती आला, कोठे फसगत झाली, ते वहीत लिहावे. पाचसात वर्षांत त्या वहीइतका आपल्या गावाला उपयोगी ग्रंथ दुसरा होणार नाही.